बाबा गणपतीला येतील असं सांगून बसलोय, आता खरं कसं सांगायचं?

एका आत्याने विचारलेला हा प्रश्न आहे. तिचा एकेचाळीस वर्षांचा भाऊ दोन महिन्यांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेला. मागे वहिनी, सहावीतली मुलगी आणि साडेपाच वर्षांचा मुलगा. घटना घडली त्याच सकाळी धाकट्याला कराडला मावशीकडे पाठवलं आणि तेराव्यानंतर परत आणलं. आजीने त्याला सांगितलंय, बाबा मुंबईला कामाला गेलेत, गणपतीला येतील. हार घातलेला फोटो कपाटात ठेवलाय. मोठीला ताकीद आहे, भावासमोर काही बोलायचं नाही. धाकटा आता रात्री अंथरूण ओलं करतो आणि स्कूटरचा आवाज आला की दाराशी जातो. मोठी मात्र ‘अगदी शहाण्यासारखी’ वागते. गणपती तीन आठवड्यांवर आलेत. सांगायचं कधी, कुणी, कोणत्या शब्दांत, आणि त्याला धक्का बसला तर काय, असं आत्याने विचारलंय.

ताई, आधी एक सांगते. आजींनी जे सांगितलं ते मायेपोटी सांगितलं. लेकाच्या जाण्याने त्या स्वतःच कोलमडलेल्या असताना नातवाच्या चेहऱ्याकडे बघून त्यांच्या तोंडून जे निघालं, त्याबद्दल त्यांना घरात कुणी बोल लावू नये. गेली अठरा वर्षं मी मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त घरांत अशीच काहीतरी गोष्ट सांगितलेली असते. कुठे बाबा दवाखान्यात असतात, कुठे आई मामाच्या गावाला गेलेली असते.

तुम्ही विचारताय खरं कसं सांगायचं, पण तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. मुलाला निम्मं कळलेलं आहे आणि उरलेलं निम्मं तो एकटा शोधतोय. ज्या घरात दोन महिने माणसांची रीघ लागली, आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र दिसेनासं झालं, आजी मधूनच हुंदके देते, आपण खोलीत शिरलो की बोलणं थांबतं, त्या घरातल्या साडेपाच वर्षांच्या मुलाला काहीतरी भयंकर घडलंय हे नक्की माहीत असतं. काय घडलंय तेवढंच माहीत नसतं. मग तो दाराशी उभा राहतो. अंथरूण ओलं होणं हे बहुतेक वेळा या ताणाचंच रूप असतं. (तरी एकदा लघवीची तपासणी करून घ्या. संसर्ग असेल तर उगाच सगळं दुःखाच्या खात्यावर जातं.) त्यावरून त्याला रागावू नका, चादर बदला आणि विषय संपवा.

आता मुलांना मृत्यू किती कळतो ते बघू, कारण आपले शब्द त्यावर ठरतात. मारिया नागी नावाच्या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्ट आणि आसपासच्या तीन ते दहा वर्षांच्या ३७८ मुलांशी बोलून, त्यांच्याकडून चित्रं काढून घेऊन एक अभ्यास केला होता. तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यात लहानग्यांच्या दृष्टीने मरण म्हणजे दूर कुठेतरी जाणं किंवा झोपणं होतं, म्हणजे ज्यातून परत येता येतं असं काहीतरी. पुढच्या संशोधनाने वयाचे ते टप्पे बरेच सैल केले, पण एवढं अजूनही टिकून आहे की मृत्यूची समज मुलाला एका झटक्यात येत नाही. मेलेलं माणूस परत येत नाही. त्याचं शरीर चालायचं थांबतं म्हणून त्याला भूक, थंडी, दुखणं काही जाणवत नाही. जिवंत असलेलं सगळंच कधी ना कधी मरतं. आणि मरण्यामागे काहीतरी कारण असतं. यातलं एकेक मुलाला सुटंसुटं उमगत जातं, साधारण पाच ते सात या वयात बरंचसं. तुमचा भाचा नेमका त्या उंबरठ्यावर आहे. आणि आपण त्याला सांगितलंय की बाबा दूरच्या गावी गेलेत! त्याच्या वयाची जी चूक आपोआप सुटणार होती, तिच्यावर आपणच शिक्का मारलाय.

त्यात गणपतीचं नाव निघालंय, म्हणून मला जरा घाई वाटते. गणपती या मुलांच्या डोळ्यांदेखत पाण्यात जातो, ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हटलं जातं आणि तो खरंच येतो. जाऊन परत येण्याचं याहून पक्कं उदाहरण आपल्या मुलांकडे दुसरं नाही. बाबा त्या वेळेला येणार म्हटल्यावर तो दिवस मोजत असणार. म्हणून चतुर्थीच्या आधी निदान दोन आठवडे त्याला खरं कळायला हवं. सण आणि ही बातमी एका दिवशी यायला नको.

‘देवाघरी गेले’ याबद्दलही बोलायला हवं, कारण मुंबईची गोष्ट सोडल्यावर बहुतेक घरं तिकडे वळतात. माझ्याकडे एक चार वर्षांची मुलगी आणली होती. आजोबा गेल्यापासून ती घरातल्या देवघरासमोरून हलायची नाही. सगळ्यांना वाटलं, पोर किती भाविक! खेळता खेळता तिने मला विचारलं, आजोबा एवढ्याशा देवघरात मावले कसे, आणि दार लावल्यावर त्यांना श्वास कसा घेता येत असेल? देवघर आणि देवाचं घर यांतला फरक तिला कुणी सांगितलाच नव्हता. दुसऱ्या एका मुलाने देवाच्या तसबिरी पालथ्या घालून ठेवल्या होत्या, कारण देवाने आई नेली. आणखी एकाला देवाघरी जायचं होतं, दोन दिवस राहून बाबांना घेऊन परत यायचं होतं. ‘तारा झाले’ आणि ‘झोपलेत’ यांचंही असंच होतं. झोपलेत म्हटल्यावर मूल झोपायला घाबरतं, आणि आई दुपारी लवंडली तरी तिला हलवून उठवतं.

याचा अर्थ श्रद्धा बाजूला ठेवा असं मी म्हणत नाही. तुमच्या घरात आत्मा, पुनर्जन्म, स्वर्ग जे काही मानत असतील ते मुलालाही मिळू दे, त्याचा आधार मोठा असतो. फक्त क्रम पाळा. आधी शरीराचं सांगायचं, मग श्रद्धेचं. शरीर थांबलं आणि आता ते पुन्हा चालू होणार नाही, हे पक्कं झाल्यावर ‘आजीला वाटतं की बाबा देवापाशी आहेत’ हे वाक्य मुलाला गोंधळात टाकत नाही.

सांगायचं कुणी? शक्य असेल तर आईने, तुम्ही शेजारी बसून. वहिनींना बोलवत नसेल तर तुम्ही बोला, पण त्या त्याच खोलीत हव्यात, त्यांचा हात त्याच्या अंगावर हवा. आपल्याला रडू येईल याची वहिनींना भीती वाटत असेल तर त्यांना सांगा, येऊ दे. आई रडली म्हणून मूल मोडत नाही. आई रडते, डोळे पुसते आणि मग भात लावते हे बघून त्याला कळतं की रडल्यावरही माणूस उठतो. मात्र त्या छाती पिटून बेभान होतील अशी अवस्था असेल तर आणखी दोन-चार दिवस थांबा. आणि त्याला सांगण्याआधी आजींशी बोलून घ्या. नाहीतर तुम्ही खरं सांगाल आणि रात्री त्या मायेने पुन्हा मुंबईची गोष्ट सांगतील.

वेळ सकाळची घ्या, सुट्टीच्या दिवसाची, पोट भरलेलं असताना. झोपायच्या वेळी अजिबात नको. फोन बंद, टीव्ही बंद, पाहुणे नकोत. शब्द साधारण असे असू देत, त्यात तुमच्या घरची बोली घाला:

‘तुला एक खूप वाईट गोष्ट सांगायची आहे. आम्ही तुला सांगितलं होतं ना, बाबा मुंबईला गेलेत म्हणून? ते खरं नव्हतं. आम्हाला खूप दुःख झालं होतं आणि तुला कसं सांगायचं ते कळत नव्हतं, म्हणून आम्ही चुकीचं बोललो. बाबा वारले. म्हणजे ते मेले. त्यांचं हृदय अचानक बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते पुन्हा सुरू झालं नाही. हृदय थांबलं की शरीर थांबतं, मग श्वास घेता येत नाही, बोलता येत नाही, काही दुखतही नाही. मेलेलं माणूस परत येत नाही. बाबांना तुला सोडून जायचं नव्हतं.’

एवढंच. मग गप्प बसा. ‘मेले’ हा शब्द तुम्हाला कानाला कठोर वाटेल, बापासाठी तो वापरवणार नाही. मलाही पहिली काही वर्षं जड जायचा. पण ‘गेले’ म्हटलं की मूल विचारतं ‘कुठे’, आणि ‘वारले’ हा शब्द त्याने पूर्वी ऐकलेलाच नसतो. मेलेली मुंगी, मेलेलं पाखरू त्याने पाहिलेलं असतं. एकदा तो शब्द वापरा, नंतर घरात ‘वारले’ चालेल.

‘आम्ही चुकीचं बोललो’ हे वाक्य गाळू नका. तुमच्या प्रश्नातल्या धक्क्याबद्दल माझं मत असं आहे की बातमीचा धक्का बसणारच, तो आपण वाचवू शकत नाही. मुलाचं जास्त नुकसान होतं ते पुढे कधीतरी शाळेत एखादं पोर ‘तुझे बाबा मेलेत ना’ म्हणतं तेव्हा. त्या दिवशी बाप जातो आणि घरातल्या माणसांवरचा विश्वासही जातो. बारा-तेरा वर्षांची मुलं मला सांगतात की वडील गेल्याचं त्यांना कालांतराने सोसलं, पण सगळ्यांना माहीत होतं आणि मलाच नव्हतं, हे अजून सोसत नाही.

ऐकल्यावर तो काय करेल हे सांगता येत नाही. कदाचित भोकाड पसरेल. कदाचित ‘बरं, मी खेळायला जाऊ?’ म्हणेल. दुसरं झालं तर घाबरू नका, ‘याला काहीच वाटत नाही’ असं कुणाला म्हणू देऊ नका. लहान मुलांचं दुःख श्रावणातल्या पावसासारखं असतं. एक सर येते, लगेच ऊन पडतं, मग पुन्हा सर. सलग दुःखात राहणं त्यांच्या मनाला पेलत नाही, म्हणून ती खेळात शिरतात. तो बाहुल्यांना तिरडीवर ठेवेल, गाडीला ‘अटॅक’ आणेल. खेळू द्या. तो खेळूनच समजून घेतोय.

आणि तो पुन्हा पुन्हा विचारेल. काल सांगितलं तेच आज विचारेल, बाबा कधी येणार. दर वेळी तेच, त्याच शब्दांत, शांतपणे सांगा. दर वेळी वेगळं उत्तर मिळालं तर त्याला वाटतं की अजून काही ठरलेलं नाही.

एक प्रश्न मात्र तो विचारणार नाही, तो तुम्ही विचारायचा: ‘बाबा कशामुळे मेले असं तुला वाटतं?’ या वयाच्या मुलांना आपल्या मनात आलेल्या गोष्टींनी जग हलतं असं वाटत असतं. वडिलांशी कट्टी करून शाळेत गेलेला आणि संध्याकाळी त्यांना पांढऱ्या कापडात पाहिलेला एक मुलगा मला आठवतो. सात महिने त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं की बट्टी करायची राहिली म्हणून बाबा मेले. ‘कट्टी केल्याने कुणाचं हृदय बंद पडत नाही’ एवढं एक वाक्य त्याला हवं होतं. तुमचा भाचाही काही धरून बसला असेल: बाबांचा मोबाइल पाडला होता, उगाच खांद्यावर बसायचा हट्ट केला होता. विचारल्याशिवाय ते बाहेर येत नाही.

‘तू पण मरशील का?’ असं तो आईला विचारेलच. ‘छे, मी कधीच नाही मरणार’ असं म्हणू नका, आपण नुकतंच एक खोटं दुरुस्त केलंय. ‘सगळे कधीतरी मरतात. मी खूप म्हातारी होईपर्यंत जगेन असं मला वाटतं, तब्येतीची काळजीही घेते. आणि काहीही झालं तरी तुला सांभाळायला आत्या आहे, मामा आहे, आजी आहे.’ या प्रश्नामागचा खरा प्रश्न ‘माझं काय होईल’ हा असतो. तेव्हा नावं घेऊन सांगा.

आता मोठीबद्दल. खरं सांगायचं तर तुमचा प्रश्न वाचताना मी धाकट्यापेक्षा तिच्यापाशी जास्त थांबले. अकरा वर्षांच्या मुलीने सगळं पाहिलंय, तिला मृत्यू पुरता कळतो, आणि तिला तीन कामं दिली गेलीत: आईला सांभाळ, भावासमोर रडू नको, गुपित ठेव. ‘किती शहाणी झाली पोर’ हे कौतुक ऐकलं की अशा मुलीला रडायची वाटच बंद होते. भावाला खरं सांगितलंत की तिच्या खांद्यावरचं एक ओझं त्याच दिवशी उतरेल, आणि मला तेही तितकंच महत्त्वाचं वाटतं. तिला आधी विश्वासात घ्या. तिला सांगा की आईला सांभाळणं हे मोठ्यांचं काम आहे, ते आम्ही करतोय. स्वयंपाकातली, भावाच्या अभ्यासाची जी कामं तिने आपणहून ओढून घेतलीत, त्यातली दोन-तीन काढून घ्या. तिला समोर बसवून ‘मन मोकळं कर’ म्हणू नका, त्या वयाची मुलं समोरासमोर बोलत नाहीत. स्कूटरवर मागे बसवून कुठेतरी न्या, मटार सोलायला जवळ बसवा, आणि तुम्ही स्वतः भावाची एखादी आठवण काढा. ती बोलेल किंवा नाही बोलणार, पण घरात बाबांचं नाव घेतलं तर चालतं हे तिला कळेल.

विधींबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे वर्षश्राद्ध आहे, सर्वपित्री आहे, म्हणून लिहिते. मुलांना लांब ठेवणं हे आपल्याकडे सरसकट चालतं. माझं मत असं की मुलाला आधी सगळं समजावून सांगावं, यायचं का हे विचारावं, आणि आला तर एक जवळचं माणूस फक्त त्याच्यासाठी ठेवावं. न समजावता नेण्याचे परिणाम मी पाहिलेत. एक आठ वर्षांचा मुलगा वडिलांच्या दहाव्याला घाटावर होता. पिंडाला तासभर कावळा शिवेना. जमलेले लोक म्हणू लागले, ‘काहीतरी इच्छा राहिलीय’, मग कुणीतरी म्हणालं, ‘पोराची काळजी असणार’. झालं, मुलाने ते मनात धरलं. बाबा माझ्यावर नाराज आहेत, मी गणितात नापास झालो होतो म्हणून. आम्ही पुष्कळ बोललो. कावळा कशाला बिचकतो, गर्दीला कसा घाबरतो, हेही बोललो. मग त्याने स्वतःच एक गोष्ट सुरू केली. रोज सकाळी शाळेला जाण्याआधी गॅलरीत पोळीचा तुकडा ठेवायचा आणि कावळ्याला कालची एक बातमी सांगायची. आईने मला विचारलं, हे थांबवू का? मी म्हटलं, मुळीच नको. त्याला पक्कं माहीत होतं की तो कावळा म्हणजे बाबा नाहीत. त्याला फक्त बाबांना रोज काहीतरी सांगायचं होतं. गेलेल्या माणसाशी नातं तोडायचं नसतं, ते वेगळ्या जागी ठेवायचं असतं, हे मला त्या मुलाकडे बघून जितकं नीट कळलं तितकं कुठल्या प्रशिक्षणात कळलं नव्हतं.

वहिनींच्या बांगड्या, कुंकू यांबाबतही मुलांच्या बाजूने एक सांगते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. त्याची चर्चा बाईच्या सन्मानासाठी झाली आणि ते योग्यच होतं. पण आईच्या हातातल्या बांगड्या फोडताना कोपऱ्यात उभं असलेलं मूल मी ऐकलेलं आहे. बाबा गेले आणि मग सगळे मिळून आईला मारत होते, असं त्याच्या आठवणीत बसलं होतं. तुमच्या घरी मोठीने काय पाहिलं ते तिला हळूच विचारा. आणि वहिनींना पूर्वीसारखी टिकली लावावीशी वाटली तर मुलांसाठी तरी कुणी आडकाठी करू नये.

शाळेत दोघांच्याही वर्गशिक्षकांना जाऊन भेटा. त्यांच्या कानावर बातमी गेलेली असेलच, तरी भेटा. मुलांना वर्गासमोर उभं करून सांत्वन करू नका, मुलाला भरून आलं तर पाच मिनिटं बाहेर बसू द्या, ‘माझे बाबा’ असा निबंध किंवा चित्र असेल तर आधी त्याला विचारा, एवढं सांगितलं तरी पुरे. एक व्यवहाराचंही: वडील गेलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, त्यात पात्र मुलाला दरमहा २२५० रुपये मिळतात. जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात चौकशी करा. पैशाची चिंता मोठ्यांची म्हणून आपण मुलांपासून लपवतो, पण मोठी मुलं ती बरोबर ऐकतात.

किती दिवसांत बरं होईल, याला एक उत्तर नाही. मुलाचा स्वभाव, आईला मिळणारा आधार, घर-शाळा बदलतेय का, यावर ते अवलंबून आहे. अंथरूण ओलं होणं, चिकटून राहणं, चिडचिड हे काही महिने चालू शकतं आणि हळूहळू उतरतं. मात्र सहा महिने उलटूनही मूल जेवण, खेळ, शाळा यांत परतत नसेल, सतत स्वतःला दोष देत असेल, किंवा ओढ आणि दुःख जराही उतरत नसेल तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘मला बाबांकडे जायचंय, मला मरायचंय’ असं कुठलंही मूल म्हणालं तर सहा महिने काय, सहा दिवसही थांबू नका. त्याला तिथेच शांतपणे विचारा, म्हणजे काय करायचं वाटतं. एकटं सोडू नका आणि लगेच मदत घ्या. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. वहिनींनाही तो क्रमांक देऊन ठेवा.

राहिला तो कपाटातला फोटो. हार घातलेला फोटो म्हणजे काय हे तुमच्या भाच्याला आजोबांच्या फोटोवरून बहुधा माहीत असेल, आणि त्याने कपाट उघडून पाहिलंही असेल. खरं सांगितल्यावर त्याच दिवशी फोटो बाहेर काढण्याची घाई नको. एक-दोन दिवस जाऊ देत. मग त्याला आणि मोठीला बरोबर घेऊन काढा. हार घालायचा का, कुठला फोटो लावायचा, भिंतीवर कुठे लावायचा, ते दोघांना ठरवू द्या. धाकटा म्हणेल बाबा स्कूटरवर बसलेत तो फोटो लावा, आणि तो मला हात पुरेल इतका खाली लावा. तर तो तितक्या खाली लावा.